उलटा फेर

शेजारच्या बाईंनी विचारलं ते मला, ह्यांना नाही. “तुझ्या नवऱ्याला एका नाचापुरतं नेऊ का?” माझ्या मांडीवर स्टोव्हीजची, म्हणजे इथल्या कांदा-बटाट्याच्या पदार्थाची गरम बशी, तोंडात घास. मी नुसती मान हलवली. हे गोंधळून एकदा माझ्याकडे बघत उठले आणि बाईंच्या मागोमाग हॉलच्या मधोमध गेले. २५ जानेवारीची, म्हणजे स्कॉटलंडचा कवी रॉबर्ट बर्न्स याच्या वाढदिवसाची रात्र. ॲबर्डीनपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावच्या हॉलमध्ये जेवण, कविता आणि मग ‘केली’, म्हणजे इथला सामुदायिक नाच. बाहेर पाच वाजल्यापासून अंधार पडलेला. आत ओल्या लोकरीचा, शिजलेल्या कांद्याबटाट्यांचा आणि चहाच्या पिंपाच्या वाफेचा मिळून एक वास. लाकडी जमिनीवर बॅडमिंटन कोर्टाच्या रंगीत रेघा, त्यांवर गोलात उभ्या राहिलेल्या जोड्या. स्टेजवर ॲकॉर्डियन, फिडल आणि ड्रम. माईकवरच्या माणसाने पुकारलं, सेंट बर्नार्ड्स वॉल्ट्झ, तीन ठोक्यांवरचा जोडीचा नाच.

बाई सत्तरीच्या पुढच्या. गुडघ्याखाली येणारा चौकड्यांचा स्कर्ट, वर राखाडी कार्डिगन. त्यांनी ह्यांचा उजवा हात धरला, स्वतःच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाच्या जरा खाली नेऊन ठेवला आणि डावा हात हातात घेतला. भाजीची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घ्यावी इतकं साधं होतं ते. ॲकॉर्डियनने एक लांब सूर धरला, सगळ्यांनी आपापल्या जोडीदाराला जरा वाकून मान दिला आणि गोल फिरू लागला. बाजूला तीन पावलं, मग दोनदा पाय आपटायचे. अख्ख्या हॉलने एकदम पाय आपटले तेव्हा माझ्या खुर्चीतून तो हादरा मणक्यापर्यंत आला. हे ओठातल्या ओठात आकडे मोजत होते. दुसऱ्या आवर्तनापासून मोजणं थांबलं आणि ते हसायला लागले.

मला मत्सर वाटला असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. मत्सर मला ओळखता येतो. वाटलं ते वेगळंच होतं आणि ते काय होतं हे कळायला मला बरेच दिवस लागले. मी त्या हाताकडे बघत होते. आमच्या लग्नाला तीन दशकं होऊन गेली आहेत. त्या हाताने मुलीचा अभ्यास घेतलाय, माझ्या आजारपणात उशाशी औषधांच्या पट्ट्या लावून ठेवल्यात, विमानतळावर सामान ओढलंय. पण कार्डिगनवर पसरलेली ती पाच बोटं मला अनोळखी वाटली. चारचौघांत, दिव्यांच्या उजेडात, तो हात माझ्या पाठीवर कधी होता?

मला एकही प्रसंग आठवेना.

आठवायला लागले की मी मिरजेला पोचते. आमच्या घरात आई-वडील एका ओळीत चालत. वडील पुढे, मधे दोन पावलांचं अंतर, मग आई, आईच्या पदराला आम्ही. देवळात जाताना, लग्नाला जाताना, स्टेशनवर जाताना हीच रांग. आईने वडिलांचं नाव फक्त उखाण्यात घेतलं. त्यांच्यात प्रेम नव्हतं असं नाही. वडील जेवायला बसले की आई वाढता वाढता ज्या नजरेने पानाकडे बघायची, ती मला आजही आठवते. पण ते प्रेम वस्तूंमधून, पदार्थांमधून, तिसऱ्या माणसाशी बोललेल्या वाक्यांमधून जायचं. अंगाला अंग लागणं ही बंद दाराआडची गोष्ट होती आणि त्या दाराचाही कधी उल्लेख झाला नाही. आमच्या लग्नात हे आणि मी तसेच वाढलेले दोघे एकमेकांसमोर आलो. भटजींनी सांगितलं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेतला, उपरण्याला शेला बांधला, होमाभोवती ते पुढे आणि मी मागे अशा फेऱ्या झाल्या, तांदळाच्या राशींवर सात पावलं पडली. धुराने डोळे चुरचुरत होते आणि सगळं गाव बघत होतं. चारचौघांदेखत हात हातात असण्याचा तो आमचा पहिला प्रसंग. आता मोजायला बसले तर बहुधा शेवटचाही.

बायकांचं मात्र असं नव्हतं. श्रावणात मंगळागौरीच्या रात्री माजघरातली जाजमं गुंडाळली जायची आणि पुरुष माणसं ओसरीवर किंवा वरच्या मजल्यावर जायची. मग ज्या काकू दिवसभर डोक्यावरचा पदर ढळू द्यायच्या नाहीत, त्या पदर खोचून पिंगा घालायच्या. झिम्म्यात तळव्यांवर तळवे वाजायचे. फुगडीला हातांची अढी घालून, पायांचे अंगठे जवळ आणून, आम्ही मागे झुकायचो. फुगडीत एकमेकींच्या ओझ्यावर विश्वास टाकावा लागतो. तू सोडलंस तर मी पडेन, मी सोडलं तर तू. घामेजलेले हात, नऊवारीचा सळसळाट, फू-फू असा आवाज, गजऱ्यातली फुलं तुडवली जाऊन येणारा वास, आणि पहाटे दमून एकमेकींच्या मांड्यांवर डोकी ठेवून झोपलेल्या बायका. शरीराने शरीराला सांभाळायचं म्हणजे काय, ते मी त्या माजघरात शिकले. फक्त त्या माजघरात पुरुष नव्हते.

कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला मडगावला गेले होते. रात्री बँड सुरू झाला आणि नवरा-नवरीनंतर फ्लोअरवर उतरले ते तिचे आजी-आजोबा. आजोबांचा सूट खांद्यावर सैल झालेला, आजीच्या हातात जपमाळेची सवय असलेली बोटं. दोघं वॉल्ट्झ करत होते. घाई नव्हती, लाज नव्हती, आणि दाखवायचं म्हणून काही चाललेलं नव्हतं. मी भारावून बघत राहिले. हे त्यांचं आहे, आपलं नाही, असं मनात म्हणून तो दरवाजा तेव्हाच लावून घेतला. इतकी वर्षं तो बंदच होता. बर्न्स नाइटला बाईंनी तो ढकलला.

केलीनंतर काही दिवसांनी मीच बाईंना विचारलं, हे शिकता येईल का? त्यांनी मला लगेच बुधवारच्या वर्गाला नेलं. तोच हॉल, त्याच रेघा, पण दिवे निम्मे आणि हीटर नुकताच लावलेला, म्हणून सगळे कोट घालून उभे. “फिट लाइक?” म्हणून इथल्या बोलीत सगळ्यांनी एकमेकांची विचारपूस केली. वर्गात बायका जास्त, पुरुष मोजके. हे पहिल्यांदा आलेच नाहीत, समुद्रातल्या पाइपलाइनींच्या कामातून सुटायला त्यांना उशीर व्हायचा. त्यामुळे शिकवणाऱ्या बाईंनी मला पुरुषाच्या जागी उभं केलं. आमच्या शेजारीणबाई माझ्या जोडीला. मी आयुष्यात पहिल्यांदा एका माणसाला कवेत धरून दिशा द्यायला शिकले, आणि ते माणूस म्हणजे सत्तरीतली एक स्कॉटिश बाई. त्यांच्या कार्डिगनवर माझा हात तिथेच पडला जिथे ह्यांचा पडला होता. लोकर जाड होती, आत हाड बारीक होतं, आणि त्या हाडावर हाताने जरा दाबलं की अख्खी बाई त्या दिशेला वळायची. दाबायचं म्हणजे ढकलायचं नाही. आपलं वजन कुठे चाललंय हे समोरच्या पाठीला नुसतं कळू द्यायचं.

या नाचाची रचना सोळा मात्रागटांची आहे, प्रत्येक गटात तीन ठोके. गोलात पुरुष मध्याकडे पाठ करून उभा राहतो, बाई मध्याकडे तोंड करून. त्याच्या डाव्या हाताकडे तीनदा पाऊल टाकायचं आणि दुसरं जोडायचं, चौथ्या गटाला दोनदा पाय आपटायचे. मग आल्या वाटेने दोन पावलं परत. नंतर पुरुष दोन पावलं मागे, मध्याच्या दिशेने, आणि बाई त्याच्याबरोबर पुढे. मग उलट, पुरुष दोन पावलं पुढे आणि बाई मागे. त्यानंतर बाई त्याच्या उंचावलेल्या हाताखालून एक गिरकी घेते आणि शेवटचे चार गट दोघं पुन्हा कवेत येऊन वॉल्ट्झ घेत गोलातून पुढे सरकतात. एवढंच. दहा मिनिटांत सांगून होतं. मग बँड वाजवत राहील तितक्या वेळा तेच. इथल्या जुन्या पद्धतीच्या नाचांत ही गोष्ट मला सगळ्यांत आवडली: गोलातली प्रत्येक जोडी एकाच क्षणी एकच पाऊल टाकत असते. कुणी कुणाहून सुंदर नाचायचं नसतं. पाय आपटायच्या क्षणी अठरा वर्षांची मुलगी, तिचे आजोबा, पाद्री आणि पोस्टातली बाई सगळे एकत्र पाय आपटतात.

तीन ठोक्यांची मला भीती नव्हती. लहानपणी गाणं शिकत होते तेव्हा दादरा हाताच्या बोटांवर बसला होता, धा धी ना, धा ती ना. वॉल्ट्झचे दोन गट म्हणजे दादऱ्याचं एक आवर्तन. पण दादऱ्यात चौथ्या मात्रेवर ठेका हलका होतो, खाली येते, तिथे मनही जरा उचललं जातं. ॲकॉर्डियनचा डावा हात तसं करत नाही. तो प्रत्येक पहिल्या ठोक्याला सारखाच वजनदार असतो, आणि माझे पाय खालीची वाट बघत राहायचे. त्या वाद्याचा आवाज मात्र पहिल्या दिवसापासून ओळखीचा होता. पेटीत आणि ॲकॉर्डियनमध्ये धातूच्या पातळ पट्ट्याच हवेने थरथरतात, एकाच कुळातली वाद्यं ती. डोळे मिटले तर भाता कुणीतरी आडवा धरलाय इतकाच फरक.

शेजारीणबाईंच्या घरी जिमी शँडच्या रेकॉर्डी आहेत, त्यांच्या वडिलांच्या. फाइफमधल्या ईस्ट वीम्स गावात १९०८ साली जन्मलेला हा माणूस पोरवयात कोळशाच्या खाणीत उतरला. १९२६ च्या संपानंतर खाण सुटली आणि पुढे ॲकॉर्डियन हेच त्याचं आयुष्य झालं. १९९९ साली राणीने त्याला सर केलं, पुढच्याच वर्षी तो गेला. बाई त्याच्याविषयी बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: त्याची लय कधी हलायची नाही. नाचणाऱ्याच्या पायाखाली जमीन असावी तशी लय. मी त्या रेकॉर्डी बसून ऐकल्या. वाजवणारा स्वतःचं कौशल्य दाखवायला कुठेही थांबत नाही, सगळं कौशल्य त्या स्थिरपणात आहे. गाण्यातला साथीदार ज्यांनी जवळून बघितलाय त्यांना हे मोठेपण सांगावं लागणार नाही. खाणीतून वर आलेला एक अबोल माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या पावलांची काळजी वाहतो, हे मला फार थोर वाटतं.

मला वाटायचं, ही माणसं जन्मतःच अशी मोकळी. बाईंनी ते वाटणं दुरुस्त केलं. शाळेत डिसेंबर आला की पी.टी.च्या तासाला मैदान बंद आणि नाच सुरू, नाताळच्या कार्यक्रमासाठी. स्कॉटलंडमध्ये अजूनही बहुतेक शाळांत हे चालतं. एका भिंतीला मुलगे, दुसऱ्या भिंतीला मुली. शिट्टी वाजली की समोर जाऊन विचारायचं. मुलगे स्वेटरच्या बाह्या तळव्यांवर ओढून घ्यायचे, मुलीच्या हाताला हात लागू नये म्हणून. बाई म्हणाल्या, “आम्हालाही शिकवावंच लागलं की.” त्या वाक्याने मी थबकले. मग वाचत गेले. सतराव्या शतकात इथल्या चर्चने बायका-पुरुषांच्या एकत्र नाचण्याला पाप ठरवून लोकांना जाब विचारले होते. त्यानंतर नाच परत आले ते समोरासमोरच्या रांगांचे, फक्त हाताला हात लागणारे. वॉल्ट्झ युरोपातून आला तो एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि १८१६ साली लंडनच्या दरबारी नृत्यात तो नाचला गेला तेव्हा ‘द टाइम्स’ने त्यावर सडकून टीका केली. आक्षेप होता तो कवेत घेण्यावर. इतक्या जवळून, सगळ्यांदेखत, हे सभ्य घरांतल्या मुलींना शोभतं का? वाक्यं बदलली तर ते माझ्या आजीचं बोलणं वाटलं असतं. दोनशे वर्षांत तोच वॉल्ट्झ खेड्यातल्या हॉलमध्ये पाद्रीसाहेबांच्या देखत, चहा-बिस्किटांबरोबर नाचला जायला लागला. त्यासाठी कुणीतरी मुलांच्या ओढलेल्या बाह्या पिढ्यान् पिढ्या वर सारल्या.

मग एका बुधवारी हे आले.

मला वाटलं होतं, माझं तर शिकून झालंय, आता ह्यांना शिकवायचं. पण मी शिकले होते पुरुषाची पावलं. बाईच्या जागी उभी राहिले आणि सगळं आरशात बघावं तसं उलटं झालं. पायांचं जमलं. अवघड होतं ते वेगळंच. ह्यांचा हात माझ्या पाठीवर आला आणि माझी पाठ ताठ झाली. मला ती सैल करता येईना. शेजारीणबाईंना धरताना मला जे कळलं होतं, की पाठ ऐकते, ते माझी पाठ करत नव्हती. तिला चारचौघांत ऐकायची सवयच नव्हती. हेही हात ठेवत होते तो पाठीपासून बोटभर वर, हवेत. दोघांच्या मधे मिरज, कोल्हापूर, दोन्हीकडची वडीलधारी माणसं उभी असल्यासारखं अंतर. शिकवणाऱ्या बाई आल्या, काही बोलल्या नाहीत, ह्यांचा हात दाबून माझ्या पाठीवर टेकवला आणि पुढच्या जोडीकडे गेल्या. स्वेटरमधून ती ऊब आत यायला वेळ लागला. मी खाली बघत होते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. या वयात, स्वतःच्या नवऱ्याच्या हाताने.

आणखी एक गोष्ट शरीराला पटत नव्हती ती दिशेची. हा गोल डावीकडून फिरतो, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. वॉल्ट्झचे सगळे गोल असेच फिरतात. पण माझ्या अंगात प्रदक्षिणा मुरलेली. देव उजव्या हाताला, होम उजव्या हाताला, तुळस, पिंपळ, वड सगळे उजव्या हाताला. लहानपणापासून मध्याला उजवा हात देऊन चाललेलं शरीर या हॉलमध्ये उलट्या फेऱ्याला लागलं की आत कुठेतरी खटकायचं, काहीतरी अशुभ करतोय असं वाटावं तसं. ही बाब मी कुणाला बोलले नाही, ह्यांनाच सांगितली. ते म्हणाले, “मलाही तसंच होतंय.” मग त्यांनीच इंजिनिअरच्या नजरेने दाखवून दिलं: गोल उलटा फिरतो खरा, पण शेवटच्या चार गटांत प्रत्येक जोडी स्वतःभोवती फिरते ती सुलट, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. म्हणजे मोठा फेर त्यांच्या रीतीचा, आतला आपल्या. याने काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे. पण त्या रात्रीपासून पाय अडखळायचे थांबले.

आता जे सांगायचंय त्यासाठी हा सगळा लेख लिहायला घेतला. मध्याकडे जायची ती दोन पावलं. पुरुष मागे जातो, त्याला मागचं काही दिसत नाही. गोलातले सगळे पुरुष एकाच वेळी पाठीमागे सरकत असतात, त्यांच्या पाठी एकमेकींच्या जवळ यायला लागतात, लहान हॉलमध्ये तर टक्करच व्हायची. त्यांना दिसते ती फक्त भिंत आणि खुर्च्या. दिसतं ते बाईला. ती पुढे चालली आहे. तो वाट दाखवतो असं वरून वाटतं, पण त्या दोन पावलांत त्याचे डोळे ती असते. तिने हाताने जरा थोपवलं की तो थांबतो. आणि दुसरी गोष्ट तर कुणी मला सांगितलीच नव्हती: त्या क्षणी गोलातल्या सगळ्या बायकांची तोंडं आत, मध्याकडे असतात. गोल आवळत जातो आणि नवऱ्यांच्या खांद्यांवरून आम्हाला एकमेकींचे चेहरे दिसतात. पोस्टातली बाई, पाद्रीसाहेबांची बायको, शेजारीणबाई, बारावीतली ती मुलगी. प्रत्येकीच्या हातात एक मागे सरकणारा पुरुष आणि प्रत्येकीची नजर समोरच्या बायकांकडे. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मला हुंदका आला आणि मी तो आवरला नाही. मंगळागौरीच्या फेरातली ती नजर, जी मी इतकी वर्षं माजघरात ठेवून आले होते, ती इथे होती. फक्त या वेळी पुरुषांना वरच्या मजल्यावर पाठवलेलं नव्हतं. ते आमच्या हातात होते.

आई-वडिलांची ती रांग मला तेव्हा पुन्हा दिसली. वडील पुढे, आई मागे. इतकी वर्षं मी त्या रांगेत आईची जागा खालची समजत आले. ती खालची होतीही, ते नाकारायचं नाही. आईला वाटेत थांबावंसं वाटलं तर तिला सांगायची सोय नव्हती, कारण पाठीला ऐकू येत नाही. पण वडिलांनाही आई कधी दिसली नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सगळ्या रस्त्यांवर, सगळ्या जत्रांमध्ये, तिच्या चेहऱ्यावर काय उमटतंय हे त्या माणसाने कधी बघितलं नाही. वडील आता नाहीत. आई मिरजेला भावाकडे असते. व्हिडिओ कॉलवर तिला सांगितलं की आम्ही दोघं नाच शिकतो आहोत, असं असं धरून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “सगळे बघतात?” मी म्हटलं, सगळे नाचत असतात, बघायला कुणी उरत नाही. ती म्हणाली, “मग बरं आहे.” आणि भाजी काय केलीस ते विचारलं.

बर्न्स नाइटच्या त्या हाताचं कोडं त्यानंतर सुटत गेलं. ह्यांचा हात बाईंच्या पाठीवर इतका सहज पडला, कारण त्यात दोघांचंही काही पणाला लागलेलं नव्हतं. ते नुसतं सौजन्य होतं, तीन मिनिटांचं, नाच संपल्यावर वाकून आभार मानून संपणारं. माझ्या पाठीवर तो तितका सहज पडत नाही, अजूनही नाही. त्यात आमची सगळी वर्षं येतात, न बोललेलं येतं, एकमेकांवर रुसून घालवलेल्या संध्याकाळी येतात. कधी कधी दिवसभराची धुसफूस मनात घेऊनच आम्ही गोलात उभे राहतो आणि हात तरीही ठेवावा लागतो, कारण ॲकॉर्डियनचा सूर लागलेला असतो. पाय आपटायच्या वेळी मी अशा दिवशी जरा जोरात आपटते. गिरकी घेऊन परत येईपर्यंत राग गेलेला असतो असंही नाही, पण राग धरूनही कवेत उभं राहता येतं हे मला माहीत नव्हतं. हॉलबाहेर आम्ही होतो तसेच आहोत. बसस्टॉपवर हात धरत नाही, दुकानात हे पुढे निघून जातात. मला त्याचं काही वाटत नाही. उलट, सोळा गटांची ती हद्द मला हवीशी वाटते. रोजच्या रस्त्यावर तो हात आला असता तर इतक्या लक्षपूर्वक मी तो अनुभवला असता का, सांगता येत नाही.

यंदा गणपतीला इथली मराठी कुटुंबं एका भाड्याच्या हॉलमध्ये जमली. आरती झाली, मोदक झाले, मग बायकांनी झिम्मा-फुगडी सुरू केली. शेजारीणबाईंनाही बोलावलं होतं. एका तरुण मुलीने त्यांचे हात अढी घालून धरले आणि मागे झुकायचं हे सांगायच्या आत त्या झुकल्याच होत्या. पुरुष नेहमीसारखे भिंतीला टेकून, हातांच्या घड्या घालून उभे. फुगड्या संपल्यावर कुणीतरी आम्हाला म्हणालं, तुम्ही शिकताय ते दाखवा ना. फोनवर सूर लावला आणि हे नि मी एक आवर्तन केलं. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, टाळ्या नकोत, या. बराच वेळ कुणी हललं नाही. बायका एकमेकींकडे बघून हसत होत्या, पुरुष फोन बघत होते. शेवटी आमच्याच वयाच्या एका वहिनींनी पर्स बहिणीकडे दिली, पदर कमरेला खोचला आणि भिंतीपाशी जाऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. दोघं आले. लाजेने भावजींची मान खाली गेलेली. वहिनींनी मला हळूच विचारलं, “हात कुठे ठेवू गं?”

“डावा त्यांच्या खांद्यावर. उजवा त्यांच्या हातात दे. आणि ते मागे जायला लागले की त्यांना काही दिसणार नाहीये, तुला सगळं दिसेल. तू बघ, आणि बिनधास्त पुढे हो.”

भावजींना मी म्हटलं, हात नीट टेकवा, असा हवेत नको. आणि सूर पुन्हा पहिल्यापासून लावला.